वर्गणीची पेटी, वॉचमन आणि ‘मुद्दई कोण?’

खडकवासला_उतारा (धागाकर्ता)

मंडळी, आमची सोसायटी कोंढव्याच्या बाजूला. चौऱ्याऐंशी फ्लॅट, निम्मे मराठी, बाकी बारा गावचं पाणी. गणपतीच्या वर्गणीसाठी ऑफिसात पत्र्याची पेटी ठेवली होती. मोजायला घेतली तर पावत्यांच्या हिशेबाने ६,२०० रुपये कमी. ऑफिसची किल्ली वॉचमनकडे असते. झालं! रात्री साडेनऊला ग्रुपवर ‘पैसे कमी आहेत’ असा मेसेज पडला आणि पावणेदहाला चोर सापडलेला होता. सकाळी दोघातिघांनी जाऊन त्याची ट्रंक उचकटून पाहिली. काही मिळालं नाही. तरीही दोन हप्त्यांत पगारातून कापायचं ठरलं.

रविवारच्या मीटिंगमध्ये चौथ्या मजल्यावरचे चाचा उभे राहिले. उर्दू शाळेतून निवृत्त झालेत, एरवी पाण्याच्या टँकरशिवाय कशावर बोलत नाहीत. म्हणाले, “याने पैसे घेतले असं म्हणणारा मुद्दई कोण? त्याने पुरावा द्यावा. हा नाही म्हणतोय, याच्याकडून फार तर शपथ घ्या. आमच्या शरियतीत असंच आहे.” त्यावर सेक्रेटरी म्हणाले, “चाचा, तुमच्या शरियतीत तर हात तोडतात!” हशा झाला, चाचा खाली बसले. मीही हसलो, हे कबूल करतो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

तर प्रश्न असा. ‘गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष’ हे आपल्याकडे इंग्रजांनी आणलं असं आम्ही शाळेत शिकलो. इस्लामी कायद्यात खरंच असं काही आहे का? की चाचा आपले बोलायचं म्हणून बोलले? जाणकारांनी लिहावं. राजकारण नको.

रस्सापार्टी

पहिला! भडंग घेऊन बसलोय.

तांबट_आळी

‘राजकारण नको’ असं लिहिलेल्या धाग्यांचं पुढे काय होतं ते आपण सगळेच जाणतो. वाचतोय.

नाझनीन_कॅम्प

मी कॅम्पात वाढले, कायदा शिकले, आता शिकवते. तुमच्या चाचांनी सांगितलं ते हदीसमधलं, म्हणजे पैगंबरांच्या नोंदवलेल्या बोलण्यातलं, वचन आहे: ‘अल-बय्यिनतु अलल-मुद्दई, वल-यमीनु अला मन अनकर.’ दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा, नाकारणाऱ्याने शपथ घ्यायची. ऑटोमन राज्यात १८६९ ते १८७६ या काळात ‘मजल्ला’ नावाची संहिता झाली, तिच्या ७६व्या कलमात हेच आहे. आठवं कलम म्हणतं की माणूस मुळात मोकळा असतो, त्याच्या डोक्यावर ना कुणाचं देणं ना कुणाचा गुन्हा. याला ‘बराअत-ए-जिम्मा’ म्हणतात. ज्याला तसं काही डोक्यावर आहे म्हणायचंय, त्याने ते दाखवावं. आणि चौथं कलम: खात्री शंकेने उडत नाही. वॉचमन परवापर्यंत प्रामाणिक होता ही तुमची खात्री. पेटीत पैसे कमी आहेत, ही त्याच्याविषयीची नुसती शंका.

आता हात तोडण्याबद्दल. शिक्षा आहे, कुराणात आहे, नाही कशाला म्हणू. पण फकीहांनी, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांनी, तिच्याभोवती कुंपणावर कुंपणं घातली. ‘शंका असेल तर हद्दची (कुराण-हदीसने ठरवून दिलेली) शिक्षा टाळा’ हा नियम सगळ्या मोठ्या पंथांत चालला. जोडीला ‘माफ करण्यात चुकलेलं बरं, शिक्षा देण्यात चुकू नका’ असंही वचन सांगतात. त्याची परंपरा हदीसचे जाणकार कमकुवत मानतात, पण नियम म्हणून ते टिकलं. पैगंबरांसमोर एका चोराला आणलं तेव्हा त्यांनी ‘तू चोरी केली असशील असं मला वाटत नाही’ असं म्हणून त्याला कबुली मागे घेण्याची वाट दाखवली, अशी नोंद आहे. कबुली मागे घेतली की हद्द गेली.

तुमची पेटी या नियमांना लावून बघू. हनफी पंथात निदान दहा दिरहमचा माल हवा, समजा आहे. माल बंदोबस्तात हवा, त्याला ‘हिर्ज’ म्हणतात. पण किल्ली तुम्हीच त्याच्या हातात दिलीत. ज्याला आत जायची मुभा आहे त्याने नेलं तर ती ‘खियानत’, म्हणजे विश्वासघात. त्याला हद्द नाही. आणि तिसरं, त्या पेटीत त्याचा स्वतःचा वाटा असेल तर सामाईक मालातली ती शंकाच झाली. वॉचमनने वर्गणी दिली होती का हो?

खडकवासला_उतारा

५१ रुपये. पावती मीच फाडली.

रस्सापार्टी

सुटला! ५१ रुपयांत इतका चांगला बचाव शिवाजीनगर कोर्टात मिळत नाही.

शिवाजीनगर_फौजदारी

मिळतो. वर चहा पाजावा लागतो.

नाझनीनताईंनी सुरुवात चांगली केलीय, त्यात आजचं थोडं घालतो. ‘इंग्रजांनी आणलं’ हे अर्धं खरं आहे. सिद्ध करण्याचा भार म्हणणाऱ्यावर, नाकारणाऱ्यावर नाही, हे रोमन कायद्यात होतंच. फ्रान्सच्या १७८९च्या जाहीरनाम्यात नववं कलम यावर आहे. इंग्लंडमध्ये तर लॉर्ड सँकींनी हा फौजदारी कायद्यातला ‘सोनेरी धागा’ असल्याचं १९३५ साली सांगितलं. त्याआधी तिथले न्यायाधीशही खुनाच्या खटल्यात ज्युरीला खुशाल सांगत की मारलं हे दिसतंय, आता अपघात होता हे आरोपीने दाखवावं. आपल्याकडे १८७२च्या पुरावा कायद्यात हा भार १०१व्या कलमात होता, नव्या साक्ष अधिनियमात तो १०४व्या कलमात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू. तेव्हापासून जुने आकडे तोंडात आणि नवे डायरीत, अशी आमची अवस्था आहे.

पुणेकरांना एक गोष्ट माहीत हवी. परिस्थितीजन्य पुराव्याचं ‘पंचशील’ म्हणून लॉ कॉलेजात जे घोकतात, तो १९८४चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पुण्यातल्याच खटल्यातला आहे. १९८२ साली इथे एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशीची शिक्षा दिली, हायकोर्टाने ती कायम केली, सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याची कुठलीही सयुक्तिक शक्यता उरता कामा नये. ‘त्याने केलं असेल’ आणि ‘त्यानेच केलं असलं पाहिजे’ यात फार मोठं अंतर आहे. तुमचा ग्रुप पंधरा मिनिटांत ते चालून गेला.

पेठेतली_पोर

पण वकीलसाहेब, सुटलेले सगळे निर्दोषच असतात का? ‘शंभर अपराधी सुटले तरी चालतील’ हे ऐकायला छान वाटतं. त्या शंभरांतला एक तुमच्या जिन्यात राहायला आला की मग?

शिवाजीनगर_फौजदारी

रास्त. न्या. कृष्ण अय्यर यांनीही १९७३ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात हेच बजावलं होतं: संशयाचा फायदा देण्याचा अतिरेक नको, अपराधी सुटणं हाही अन्यायच. म्हणून शंका ‘वाजवी’ हवी. ‘परग्रहावरून कुणीतरी येऊन पेटी उघडली असेल’ ही वाजवी शंका नव्हे. किल्ल्या किती आहेत, हा मात्र वाजवी प्रश्न आहे. धागाकर्ते, किती आहेत?

अवांतर: शंभरचा आकडा बेंजामिन फ्रँकलिनचा, १७८५चा. त्याआधी इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टोनने दहाच म्हटले होते. आणि बाराव्या शतकात कैरोत राहणारा ज्यू पंडित मैमोनिडीस हजार म्हणाला होता.

रस्सापार्टी

म्हणजे हजारावरून दहावर आणि परत शंभरावर. तुळशीबागेतला भाव दिसतोय.

खडकवासला_उतारा

किल्ल्या तीन. एक वॉचमनकडे, एक सेक्रेटरींकडे, एक खजिनदारांकडे. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

उजवा_कालवा

नाझनीनताई, राग मानू नका, पण हे सगळं पुस्तकातलं. पाकिस्तानात १९७९ साली हुदूदचे (हद्दच्या शिक्षांचे) अध्यादेश आले, तेव्हा ही सगळी कुंपणं कुठे होती? बलात्काराची तक्रार करायला आलेल्या बाया तुरुंगात गेल्या. पुरावा कोणी द्यायचा म्हणे!

नाझनीन_कॅम्प

राग कसला, वर्गात पहिला हाच प्रश्न येतो. कुराणात (सुरा २४, आयत ४) चार साक्षीदारांची अट आहे ती बाईवर आळ घेणाऱ्यासाठी. चार आणता आले नाहीत तर आळ घेणाऱ्यालाच ऐंशी फटके. बाईची ढाल म्हणून आलेली गोष्ट त्या अध्यादेशांनी उलटी फिरवली: चार साक्षीदार नाहीत म्हणून बलात्कार शाबीत नाही, आणि पोट दिसतंय म्हणून व्यभिचार शाबीत. १९८३ साली एका अंध मुलीच्या बाबतीत खालच्या कोर्टाने हेच केलं. फेडरल शरियत कोर्टाने तिला सोडलं. कायदा नीट बदलायला मात्र २००६ उजाडलं. आणि दोष सगळा ते अध्यादेश काढणाऱ्या जनरल झियांच्या माथी मारून मी मोकळी होणार नाही. अविवाहितेचं गरोदरपण हा पुरावा मानावा असं मालिकी पंथात आधीपासून होतं. इतर पंथांनी ते मानलं नाही.

दुसरी गोष्ट अजून अवघड. हद्द टळली म्हणजे माणूस घरी गेला असं नाही. काझीच्या मर्जीवरची ‘ताजीर’ शिल्लक राहायची. आणि काझीच्या शेजारी सुलतानाचं, कोतवालाचं वेगळं दालन होतं, त्याला ‘सियासत’ म्हणत. अकराव्या शतकातला फकीह मावर्दी स्पष्ट लिहितो की काझीला जे करता येत नाही ते अमीराला (सुलतानाच्या अधिकाऱ्याला) करता येतं, संशयिताला डांबून ठेवणं आलंच त्यात. चौदाव्या शतकात इब्न तैमिया आणि त्याचा शिष्य इब्न अल-कय्यिम म्हणतात की ज्याची ख्यातीच वाईट त्याला मार देऊन विचारायला हरकत नाही. समोरच्या दाराला सात कुलपं आणि मागचं दार सताड.

शिवाजीनगर_फौजदारी

ताई, मागच्या दाराला आमच्याकडे नंबर असतात. पेपरात रोज वाचता ना, ‘टोळीवर मोक्का’? त्या १९९९च्या कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. साध्या कायद्यात पोलिसासमोरची कबुली कागदाच्या किमतीची नसते. जामीन हवा तर ‘हा दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे’ असं न्यायाधीशाला वाटायला हवं. म्हणजे खटला उभा राहण्याआधीच निर्दोषपणाची परीक्षा. अमली पदार्थांच्या आणि मनी लाँडरिंगच्या कायद्यात तेच. मनी लाँडरिंगमधली अट सुप्रीम कोर्टाने २०१७ साली उडवली, संसदेने कायदा दुरुस्त केला, २०२२ साली कोर्टाने ती मान्य केली.

हे सगळे कायदे वाईट आहेत असं मी म्हणत नाही. लहान मुलांवरच्या अत्याचारांच्या कायद्यातही आरोपीविरुद्ध गृहीतक आहे, आणि ते का आहे ते अशा खटल्यात उलटतपासणी पाहिलेल्याला कळतं. पण ‘निर्दोष मानून चालू’ म्हणणाऱ्या देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे आहेत. येरवड्याला मुलाखतीच्या दिवशी बाहेर उभ्या असलेल्या बायकांना हे तत्त्व समजावून सांगा, मी चहा पाजतो.

मृण्मयी_को

आमच्या भावाने भागीदाराला तारण म्हणून कोरा चेक सही करून दिला होता. भागीदाराने रक्कम भरून तो वटवायला टाकला. आता कोर्टात भावालाच दाखवायचंय की एवढं देणं नव्हतं. वकील म्हणाले, सही तुमची ना? मग कायदा देणं आहे असंच धरून चालतो. चार वर्षं झाली. निर्दोषबिर्दोष ठीक आहे, सही करताना हात थरथरला पाहिजे.

शिवाजीनगर_फौजदारी

चेकच्या कायद्यातलं कलम १३९. पण ते गृहीतक खोडता येतं, आणि त्याला संशयातीत पुरावा लागत नाही. पारडं तुमच्याकडे थोडं झुकलं तरी पुरतं. भावाला जुने हिशेब, मेसेज शोधायला सांगा. कोरा चेक कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही.

बखरबहाद्दर

आपल्या गावाचं काय, हे कोणीच विचारत नाही! मराठेशाहीत वतनाचा तंटा लागला की गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, निकालाचा ‘महजर’ लिहायचे. हा शब्दच अरबीतून आलेला, आणि कित्येक महजरांवर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर काझीचंही नाव सापडतं. कागद नाही, साक्षीदार नाही, अशी वेळ आली की दिव्य. रवा-दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात बांधून त्यावर मोहोर करायची आणि दोनतीन दिवसांनी उघडून पाहायचा. भाजला असेल तर खोटा. मानवी पुरावा असेल तर दिव्य नको, असं धर्मशास्त्रही सांगतं. पण शेवटी हात आरोपीचा जायचा की नाही?

आणि घाशीराम विसरू नका. १७९१ साली त्याच्या बागेतली फळं चोरल्याच्या संशयावरून तेलंगी ब्राह्मणांना कोंडलं, त्यातले बरेच गुदमरून मेले. मग लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचलं.

इंग्रजांचं म्हणाल तर बंगालमध्ये त्यांनी फौजदारी कायदा बराच काळ इस्लामीच चालवला, मुफ्तीकडून फतवा घेऊन. आणि त्यांची तक्रार काय, तर हा कायदा फार मऊ आहे, आरोपी सुटतात! कॉर्नवॉलिसने १७९०च्या सुमारास खुनातला वारसांचा माफीचा हक्क काढून घेतला. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनची संहिता १८२७ साली आली. भारतीय दंडसंहिता १८६०ची. म्हणजे ‘शरियत फार कडक, साहेबाने सौम्य केली’ ही आपली शाळेतली समजूत बंगालच्या साहेबालाच पटली नसती.

शब्दखोर

अवांतर, पण राहवत नाही. नाझनीनताई ज्या नियमवचनांबद्दल बोलताहेत त्यांना अरबीत ‘कवाइद’ म्हणतात, ‘काइदा’चं अनेकवचन. काइदा म्हणजे आपला कायदा. आणि कवाइद म्हणजे आपली कवायत. मुद्देमाल, जामीन, वकील, कैद, तक्रार हे सगळे तिकडचेच. सेक्रेटरी ‘तुमची शरियत’ म्हणाले, पण इतिवृत्त लिहायला बसले की अर्धे शब्द चाचांकडून उसने घ्यावे लागतील.

रस्सापार्टी

म्हणजे शाळेत पीटीच्या तासाला आम्ही न्यायशास्त्र करत होतो. तरीच पाय दुखायचे.

उजवा_कालवा

बखरभाऊ, नोंद घेतली. ताई, ‘मागचं दार सताड’ हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत ते आवडलं. एक शंका राहतेच. काझीसमोर दोन माणसं भांडताहेत, त्यांतल्या म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा, हे ठीक. पण आजचं तत्त्व सरकारविरुद्ध आहे. पोलीस, सरकारी वकील, तुरुंग एका बाजूला आणि एकटा माणूस दुसऱ्या बाजूला. ही दोन्ही एकच कशी?

नाझनीन_कॅम्प

एक नाहीतच. मुळं शेजारी आहेत, झाडं वेगळी. फकीहांनी पारडं दोन पक्षांमध्ये समतोल ठेवलं, सुलतानाच्या हाताला बांधणारा दोर त्यांच्याकडे नव्हता. इस्लामी देशांच्या १९९०च्या मानवी हक्कांवरच्या कैरो जाहीरनाम्यात १९व्या कलमात ‘गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष’ असं लिहिलं गेलं, इराणच्या संविधानात ३७वं कलम आहे. तिथल्या तुरुंगांबद्दल मी बोलायला नको.

तरी सरकारच्या हाताबद्दलची एक गोष्ट सांगितली जाते. खलीफा उमर रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला म्हणून भिंत चढून आत गेले. माणूस दारू पीत होता. तो म्हणाला, मी एक पाप केलं, तुम्ही तीन: टेहळणी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, न विचारता आलात. तिन्ही कुराणात मना आहेत. उमर निमूट परत गेले. ट्रंक उचकटणाऱ्यांना ही ऐकवा.

आणि एक ‘कसामा’ म्हणून आहे. मोहल्ल्यात प्रेत सापडलं, मारेकरी माहीत नाही, तर हनफी पद्धतीत तिथल्या पन्नास जणांनी शपथ घ्यायची की आम्ही मारलं नाही आणि कोणी मारलं ते माहीत नाही. त्यावर भरपाई सगळ्यांनी मिळून द्यायची. यात निर्दोषपणाचं गृहीतक शोधत बसू नका, सापडणार नाही.

खडकवासला_उतारा

अपडेट. काल परत मीटिंग झाली. मी कागद नेला होता: ‘वॉचमनने ६,२०० रुपये घेतले अशी माझी तक्रार आहे’, खाली सहीला जागा. ग्रुपवर ज्यांनी चोर पकडला होता त्या नऊ जणांपुढे फिरवला. कोणी चष्मा आणला नव्हता, कोणाला फोन आला. सही एकही नाही.

मग सेक्रेटरी म्हणाले, त्याला गणपतीपुढे बेलभंडार उचलायला लावू. वॉचमन दारातच उभा होता. म्हणाला, “उचलतो साहेब. पण किल्ल्या तीन आहेत, तर तिघांनी उचलू.” यावर खजिनदार लगेच तयार झाले, सेक्रेटरींनी विषय बदलला. चाचा एक शब्द बोलले नाहीत, पानाचा डबा उघडून बसले होते.

पैसे कुठे गेले ते अजून कळलेलं नाही. पगार कापायचा नाही असं ठरलं, ट्रंकेबद्दल चेअरमननी त्याची माफी मागितली. मग मला नाझनीनताईंचा कसामा आठवला आणि मीच सुचवलं की तूट सगळ्यांनी वाटून घेऊ. ६,२०० भागिले ८४, फ्लॅटमागे ७४ रुपये.

शब्दखोर

१६ रुपये जास्त जमतील. ते कुठल्या पेटीत ठेवणार?

पेठेतली_पोर

आणि किल्ली कोणाकडे?

खडकवासला_उतारा

८३ फ्लॅट तयार आहेत. सेक्रेटरींनी आज सकाळी ग्रुपवर लिहिलंय: “पैसे मी घेतले याचा कोणाकडे पुरावा आहे का? नसेल तर मी ७४ रुपये का भरायचे?”

रस्सापार्टी

कलम ७६ पाठवा त्यांना. अरबीसकट.

खडकवासला_उतारा

पाठवलं. निळी टिक आलीय.